पडद्यावरचा पाश आणि आमचा

१९२५ सालीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. प्रसिद्ध कादंबरीकार नारायण हरि आपटे यांच्या कथेवर तो उभारलेला होता. दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचें आणि तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. खोट्या कागदाच्या बळावर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो बिचारा शहराची वाट धरून गिरणींत मजूर होतो, एवढेंच कथानक. देवादिकांच्या लीला पाहण्यास चटावलेल्या प्रेक्षकांनीं त्याचा फारसा आदर केला नाहीं. तरीही १९३६ सालीं पेंटरांनीं तोच विषय बोलपटांत पुन्हां मांडला. मूळ मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं.

चित्र नाहींसें झालें. पाश नाहींसा झाला काय? भंडारा हा धानाचा व तलावांचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बियाणें, खत व मजुरी यांस रोकड लागते. हातीं पैसा येतो तो मळणीनंतर. मधल्या महिन्यांत शेतकरी कोणाच्या ओट्यावर जाऊन बसतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

कर्ज देणें हें पाप नव्हे. उधारीवांचून पेठ चालत नाहीं. पाप आहे तें कोऱ्या कागदावर अंगठा घेण्यांत, गहाणाच्या नांवाखालीं खरेदीखत करून घेण्यांत आणि भरलेल्या पैशाची पावती न देण्यांत.

कायदा नाहीं असें नव्हे. हा जिल्हा मध्यप्रांतांत होता तेव्हां, १९३४ सालींच, तेथें सावकारीचा कायदा झाला. महाराष्ट्रानें २०१४ सालीं नवा केला. त्यान्वयें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि बेकायदा सावकारींत गेलेली जमीन चौकशीअंतीं मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. परंतु ऋणको तक्रार करावयास सहसा धजत नाहीं. कारण पुढच्या रोवणीस त्यास पुन्हां त्याच दारीं जावयाचें असतें.

म्हणून धनकोंस आमचें सांगणें इतकेंच, कीं परवाना घ्या, हिशेब उघडा ठेवा, पावती द्या. आणि साक्षर नागरिकांस एक विनंती. मूकपटांच्या काळीं पडद्यावरील अक्षरें शेजारचा जाणता माणूस निरक्षरांस मोठ्यानें वाचून दाखवी. तेवढीच सेवा आजही करावी: शेजाऱ्याचा अंगठा उमटण्यापूर्वीं त्याचा कागद त्यास वाचून दाखवावा.