नटीचा घटस्फोट आणि आपली पोटगी

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात कुठल्या नटीचे कुणाशी फाटले, हे अंबरनाथ येईपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. विठ्ठलवाडीला चढणारीला ते पुन्हा सांगावे लागते. "तिला काय कमी, पैसेवाली आहे." "बाईनेच ताणले असणार." आणि आपण कार्यकर्त्या? शिबिरात असा विषय निघाला की आपण नाक मुरडतो. बाजारू माध्यमे, बायकांची दिशाभूल, वगैरे. मीही हे भाषण पुष्कळदा ठोकले आहे. आता वाटते, त्यात विचार कमी होता आणि तोरा जास्त.

मध्यंतरी अशाच गप्पांत एकीने विचारले, "पोटगी किती मिळाली गं तिला?" डबा हसला. विचारणारी हसत नव्हती. कल्याण आल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, नवरा नांदवत नाही पण सोडचिठ्ठीही देत नाही, तर मिळते का हो?"

मिळते. पूर्वी कलम १२५ खाली मिळत असे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. त्यासाठी घटस्फोट लागत नाही. आमची इतकी पत्रके निघाली, पण हे तिच्यापर्यंत पोचले नव्हते. तिने ते नटीच्या आडून विचारले.

तेव्हा प्रसिद्ध बाईच्या खाजगी आयुष्यात डोकावणे वाईटच, असे मी म्हणणार नाही. डोकावून आपण पाहतो काय, यावर माझे भांडण आहे. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' १९७० साली पुस्तकरूपाने आले. आजही त्याची ओळख 'धीट' अशीच करून दिली जाते. म्हणजे दारू, पुरुष, घर सोडणे. पण त्यात एक पोर शाळेच्या वयात स्टुडिओत जाते आणि तिच्या कमाईवर घर चालते. याला आपण धीटपणा म्हणायचा की बालमजुरी?

त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तिने विवाहित पुरुषाशी संसार मांडला, तेव्हा तीच स्मिता 'घर फोडणारी' झाली. बोल लावणाऱ्यांत स्त्रीमुक्तीवाल्याही होत्या, हे आपण सोयीने विसरतो. घर फुटले तर दोष बाईचा, हा न्याय आपण कुठून उचलला? १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत, ती गेली. वय ३१. तिच्या लग्नाची चर्चा अजून संपलेली नाही. मुंबईसारख्या शहरात, हाताशी सगळे असताना, बाळंतीण मरते कशी, हे कितीजणींनी विचारले?

मतांचीही तीच गत. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि शोध सुरू झाला तो 'ही विभावरी शिरूरकर कोण' याचा. बाई की पुरुष, इथपर्यंत. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, अखेर सापडल्या. शिकलेल्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींची जी घुसमट त्यांनी मांडली होती, ती मात्र शोधून काढायला कुणी निघाले नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत नटीच्या घटस्फोटाचे कात्रण खुशाल आणा. फक्त विचारायचे वेगळे. घर कुणाच्या नावावर होते? तिच्या कमाईचा हिशेब कोण ठेवत होते? मुले कुणाकडे, आणि सांभाळायचा खर्च कुणाचा? बदलापुरात दोघांच्या पगारातून फ्लॅटचे हप्ते जातात. कागदावर बाईचे नाव आहे का, हे त्याच दमात विचारता येईल.

ती डब्यातली मैत्रीण गेल्या शनिवारी केंद्रावर आली. लग्नपत्रिका आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन. अर्ज लिहून झाला, सही झाली. चप्पल घालताना म्हणाली, "त्या नटीचे पुढे काय झाले, कळले का हो?"