वर्गाबाहेरचा धडा

बेंगळुरू असो वा नाशिक, शाळा सुटली की विशेष शिक्षिकेचे काम संपते, असा आपला समज असतो. वस्तुतः तिचे अवघड काम तेव्हाच सुरू होते. कारण मुलांइतकेच तिला आपल्या गावालाही शिकवावे लागते.

नाशिकच्या रजनी लिमये यांचे उदाहरण पाहा. त्या शिक्षिका होत्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईही. अशा मुलांसाठी त्यांनी १९७७ साली नाशिकमध्येच 'प्रबोधिनी विद्यामंदिर' सुरू केले.

बटण लावणे, नाणी ओळखणे, रस्ता ओलांडणे हे धडे अशा शाळांत चिकाटीने गिरवून घेतले जातात. परंतु तेच मूल दुकानात गेले आणि दुकानदाराने हसून त्याला परत पाठवले, तर महिनोन्महिन्यांचे श्रम वाया जातात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हक्क कायदा देतो; स्वीकार मात्र शेजाऱ्यांनीच करायचा असतो.

म्हणून अशा शिक्षिकेला 'त्यागमूर्ती' म्हणून हार घालून आपण मोकळे होऊ नये. तिचा विद्यार्थी पैसे मोजत असेल, तर त्याचा हिशेब पुरा होईपर्यंत रांगेत शांतपणे थांबावे. तिने शिकवलेला धडा तेथेच पूर्ण होतो.