गाऱ्हाणें ऐकणारें घर

ए. एस. नील यांनीं १९२१ सालीं स्थापिलेली समरहिल ही मुलामुलींची एकत्र खासगी शाळा आज इंग्लंडांत सफोक परगण्यांत चालते. वर्गांत बसणें तेथें मुलांच्या इच्छेवर असतें; परंतु आम्हांस मोलाची वाटते ती शाळेची सभा. लहानग्या विद्यार्थ्यास एक मत, शिक्षकासहि एकच. दांडगाईचें गाऱ्हाणें तेथें मांडावयाचें व निवाडा सर्वांनीं मिळून करावयाचा. ऐच्छिक वर्गांवरून १९९९ सालीं सरकारी तपासनिसांच्या अहवालामुळें शाळेवर गंडांतर आलें. २००० सालीं तडजोड निघाली, तेव्हां ती पत्करावी कीं नाहीं हें मुलांनीं न्यायालयांतच सभा भरवून ठरविलें.

वर्ग ऐच्छिक असावे असें आम्ही म्हणत नाहीं. पण दहा माणसांच्या आपल्या घरांत धाकट्यास चुलतभावानें छळिलें, तर त्यानें सांगावें कोणापाशीं? पुत्र सोळा वर्षांचा झाला कीं त्यास मित्र मानावें, असें आपलें नीतिशास्त्र सांगतें. आमच्या मतें तोंवर थांबूं नये. हट्ट पुरविणें निराळें, ऐकून घेणें निराळें. आठवड्यांतून एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांस निर्धास्तपणें बोलूं द्यावें. मनांत सल घेऊन बसलेल्या मुलाच्या डोक्यांत धडा शिरत नाहीं.