तुमच्या घरचं म्हणून विचारलं नाही

आमच्या लहानपणी अल्लीपुरात इफ्तारचा दस्तरख्वान ठरलेला असे. खजूर, उकडून फोडणी दिलेले हरभरे, कांद्याची भजी, टरबूज आणि घरात लग्नाळू मुलगी असेल तर दहीवडे. पाहुण्यांवर छाप पाडण्याचा तो एकच मार्ग होता. आता माझ्या मुलांच्या पिढीने त्यात सँडविच आणि रोल आणले आहेत. माझी त्याला हरकत नाही. भजीही कधीतरी नवी असतीलच. हरकत आहे ती सँडविचच्या आत भरलेल्या त्या पांढऱ्या, घट्ट, चकचकीत पदार्थाला. किंवा खरे तर तो कशाचा बनला आहे हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नसते, याला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारचे घर माळकऱ्यांचे. काका-काकू दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ. रमजानात आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचे ताट जाते आणि दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडे येते. ही रीत माझ्या वडिलांपासूनची. अम्मी ते ताट वेगळ्या भांड्यांत करायची, वेगळ्या तेलात तळायची आणि त्याची वाच्यता कधी करायची नाही. त्या दिवशी मुलांनी उत्साहाने काकडी-टोमॅटोची सँडविचे केली आणि ताटात तीच गेली. रात्री तरावीहहून परतताना मुलगा सहज म्हणाला, ‘‘अब्बू, मेयोनीजमध्ये अंडं असतं ना?’’

मी तिथेच थांबलो. घरी येऊन पिशवी पाहिली. दुकानदाराने मोठ्या डब्यातून काढून साध्या प्लास्टिकमध्ये बांधून दिलेला सुटा माल होता. त्यावर ना हिरवा ठिपका, ना तपकिरी त्रिकोण. सकाळी दुकानात गेलो तर उत्तर मिळाले, ‘‘बिनाअंड्याचंच असेल सर.’’ असेल! या एका शब्दावर मी कुणाचे पन्नास वर्षांचे व्रत कसे तोलणार? शेवटी काकूंकडे जाऊन जे होते ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या घरचं म्हून इचारलंच नाही, बाप्पा.’’ त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

या पानाचे वाचक सगळ्या घरांतले आहेत, म्हणून थोडे स्पष्ट सांगतो. पाकीटबंद मालावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. अंडे या दुसऱ्या गटात मोजले जाते. बाजारात बिनाअंड्याचे मेयोनीज मुबलक मिळते, त्यामुळे वेष्टन शाबूत असेल तर प्रश्न सुटतो. पण रमजानात संध्याकाळी लागणाऱ्या गाड्यांवर आणि सुट्या विक्रीत वेष्टन असतेच कुठे?

दुसरा प्रश्न तब्येतीचा. मूळ मेयोनीज म्हणजे कच्च्या अंड्याचा बलक, तेल आणि आंबट काहीतरी. अंडे शिजत नाही, त्यामुळे त्यात साल्मोनेला हा जंतू असला तर तो जिवंतच पोटात जातो. केरळने जानेवारी 2023 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणने ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस वर्षभरासाठी आणि तामिळनाडूनेही एप्रिल 2025 पासून वर्षभरासाठी तेच केले. तेलंगण आमच्या जिल्ह्यापासून फार दूर नाही आणि ऊन तर दोन्हीकडे सारखेच. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटात पहिला घास असा जावा का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मी हे सगळे घरी तावातावाने मांडले. बाजारचे आणू नका, घरी करा, आपली संस्कृती वगैरे. प्राध्यापकाला पन्नास मिनिटे बोलायची सवय असते. बेगम शाळेतून येऊन, रोजा धरून, हरभरे निवडत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘इतनी फिक्र है तो आप ही बना लीजिए.’’

त्या बरोबर होत्या. ‘घरचे ते घरचे’ असे आपण पुरुष मोठ्या अभिमानाने म्हणतो, पण त्याचा हिशेब बायकांच्या तासांत चुकता होतो आणि रमजानात तर उपाशीपोटीच्या तासांत. असर आणि मगरिबच्या मधला वेळ बहुतेक घरांत असा वाटला जातो: पुरुष फळांची पिशवी घेऊन चौकात गप्पा मारत उभे आणि बाया चुलीपुढे. तेव्हापासून ती पांढरी चटणी करायचे काम माझ्याकडे आहे. आता अधिकाराने लिहू शकतो.

पहिले वर्ष मी दुधाचे मेयोनीज केले. थंड दूध एक वाटी, तेल दोन वाट्या, मीठ, लिंबू. मिक्सरमध्ये तेल अगदी बारीक धारेने सोडत फिरवायचे. दुधातली प्रथिने तेलाच्या थेंबांना धरून ठेवतात आणि मिश्रण घट्ट होते. धार जरा मोठी झाली की फाटते. माझे तीनदा फाटले आणि प्रत्येक वेळी दोन वाट्या तेल गेले. बेगमने तेलाच्या डब्याला कुलूप लावायची भाषा केली.

मग लक्षात आले की हे सगळे आपल्या घरातच होते. कोशिंबिरीला दही घालणाऱ्याला ड्रेसिंग शिकायला फ्रान्सला जायची गरज नाही. आमच्याकडे बिर्याणीबरोबर लसणाचा बुरानी रायता होतो. हे नाव अब्बासी खलिफा मामून याची बेगम बुरान हिच्यावरून आले, असे मानतात. त्यांचे लग्न इसवी सन 825 च्या सुमाराचे. तो रायता जरा दाटला की झाले की ड्रेसिंग! आणि दाटवायचे कसे, हे श्रीखंड करणाऱ्या कोणत्याही मराठी घराला विचारा.

तर अर्धा किलो दही, गोड आणि ताजे. वर्ध्याला जाणे झाले तर गोरस भांडारातून गोरसपाकाबरोबर गाईच्या दुधाची पिशवी आणून घरी विरजण लावतो, नाहीतर गावातलेच म्हशीचे दूध; म्हशीच्या दुधाचा चक्का जास्त बसतो. सहरी उरकली की दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवायचे आणि खाली भांडे देऊन सगळे फ्रिजमध्ये. खुंटीला टांगू नका. आमच्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत त्याचे ताक होते. दुपारी निम्म्याच्या आसपास, म्हणजे साधारण पाव किलो चक्का मिळतो. खाली साचलेले पाणी कणीक मळायला घ्यावे.

आता जी युक्ती मला काकूंकडून मिळाली, ती. एक सपाट चमचा मोहरीची पूड दोन चमचे पाण्यात घालून वाटीत जोरजोराने फेसायची, नाकात झणका जाईपर्यंत. मराठी स्वयंपाकातली ही जुनीच फेसलेली मोहरी. परदेशी पाककृतींत मोहरी घालतात तीही याचसाठी: चव तर येतेच, शिवाय तेल आणि पाणी एकमेकांपासून फुटत नाही. चक्क्यात ही मोहरी, लसणाची एक ठेचलेली पाकळी, दोन मोठे चमचे तेल, चमचाभर लिंबाचा रस, मिरपूड आणि चिमूटभर साखर. रवीने घुसळायचे, मिक्सर नको. मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो.

मीठ? खरी परीक्षा इथेच आहे, कारण रोजात चव घेता येत नाही. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकायची मुभा फिक्हच्या ग्रंथांत आहे, पण अम्मीने ती आयुष्यात कधी घेतली नाही. तिच्या बोटांना अंदाज होता. माझ्या बोटांना नाही, म्हणून मी माप धरतो: पाव किलोला अर्धा सपाट चमचा. दोन वर्षांत एकदाच खारट झाले आणि त्या दिवशी मी चमचा सोडून मूठ वापरली होती.

सँडविचचेही एक सांगतो, कारण इथे सगळे चुकतात. साडेसहाच्या इफ्तारसाठी पाच वाजता भरून ठेवलेले सँडविच चिखल होणारच. काकडीला मीठ लागले की तिला पाणी सुटते. ब्रेडला आधी लोण्याचा पातळ हात द्यावा म्हणजे पाणी आत शिरत नाही. काकडी-टोमॅटो कापून वेगळे ठेवावे आणि चक्का शेवटच्या दहा मिनिटांत भरावा.

चक्क्याचे महाग पडते, हे मान्य. मोठ्या सामूहिक इफ्तारीत, दोनशे माणसांसाठी, कुणी दही टांगत बसणार नाही. तिथे माझे म्हणणे एवढेच की सीलबंद, हिरव्या ठिपक्याचा डबा आणा आणि तो टेबलावर दिसेल असा ठेवा. आपल्या गावांत आता सर्वधर्मीय इफ्तार पार्ट्या होतात, फोटो निघतात, भाईचाऱ्यावर भाषणे होतात. पण कोपऱ्यात हातात प्लेट घेऊन, विचारू की नको अशा संकोचात उभा असलेला शाकाहारी माणूस मी प्रत्येक वेळी पाहतो. तो बहुतेकदा फळांच्या दोन फोडी उचलतो आणि ‘पोट भरलं’ म्हणतो. त्याला विचारावे लागू नये, ही यजमानाची जबाबदारी आहे. पाहुण्याचा विश्वास ही आमच्याकडे अमानत मानतात.

काकूंकडे ताट पुढच्या वर्षीही गेले. मीच घेऊन गेलो आणि दारातच एका दमात सगळे सांगून टाकले: दही, मोहरी, तेल, लसूण, लिंबू, साखर, मीठ, मिरे. त्या हसल्या. या वर्षी मात्र दहाव्या रोजाच्या आदल्या दिवशी त्यांनीच मला अंगणातून हाक मारली. दोन्ही घरांचे महिने चंद्रावरच चालतात, त्यामुळे रमजानच्या नवव्या-दहाव्या दिवशी शुद्ध एकादशी येतेच. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणाल्या, ‘‘उद्या एकादशी हाय. ब्रेड नका धाडू. खजूर धाडा.’’