आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

लातूर व नांदेड येथील विद्यार्थी परीक्षेत कोणास हार जाणारे नव्हेत, हे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. ‘लातूर पॅटर्न’चा दबदबा उगाच झालेला नाही. परंतु चार पर्यायांतून अचूक उत्तर हुडकणाऱ्या या विद्यार्थ्यास गल्लीतील तुंबलेल्या गटाराविषयी महापालिकेस दहा ओळींचा अर्ज लिहावयास सांगा. त्याची लेखणी अडते. असे का व्हावे?

आमच्या मते दोष लेखणीचा नसून दृष्टीचा आहे. २०१६ साली मांजरा धरण आटले, लातुरात पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी पुकारावी लागली आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी उतरले. त्याच लातूरचा विद्यार्थी ‘पाणी हेच जीवन’ या विषयावर मार्गदर्शिकेतील पाठ केलेली वाक्ये उतरवितो! त्या उन्हाळ्यात घरी पाणी कोणी, कोठून व किती पैसे मोजून आणले, एवढे त्याने आईस विचारले, तरी निबंधास शब्द उणे पडणार नाहीत.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकविणारे व पुढे तेथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या लेखणीस धार आली ती केवळ व्याकरणाने नव्हे. इतिहास, धर्म, लोकशाही या समाजाच्या जिवंत प्रश्नांशी त्यांनी जन्मभर झुंज घेतली, हेच तिचे मर्म होय.

यावर कोणी म्हणेल, शाळेत राजकारण शिरेल. आम्ही शिक्षकांनी मते शिकवावी असे म्हणतच नाही. मुलांनी पाहावे, विचारावे, मोजावे आणि मग लिहावे. शिक्षकांनी भाषेबरोबर पुरावाही तपासावा. शुद्धलेखन हवेच, पण रिकाम्या वाक्यास शुद्ध करून काय मिळणार?

आठवड्यातून एक तास यास पुरे आहे. आमच्या व्यापारी बंधूंस विनंती की, मोंढ्यात व गंजगोलाईत मुले वही घेऊन आली तर त्यांस हाकलू नये. तुरीचा भाव कसा ठरतो, हमालास पोत्यामागे काय मिळते, हे त्यांस सांगावे. उद्या आपल्या गावाचे गाऱ्हाणे सरकारदरबारी मांडावयाचे ते याच मुलांनी. त्यांस आज लिहिता आले नाही, तर उद्या आपले म्हणणे ऐकणार कोण?