पाच लाखांचं कार्ड आणि दोन हजारांच्या गोळ्या

पाच लाख! आकडा ऐकायला कसला भारी वाटतो नाही? अंजूर फाट्यापासून आमच्या राहनाळपर्यंत जे फ्लेक्स लागतात, त्यातले निम्मे वाढदिवसाचे आणि उरलेल्यांतले बरेचसे शिबिरांचे. "आयुष्मान कार्ड मोफत काढून मिळेल", खाली हात जोडलेले पाच-सहा चेहरे. म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात, अंगठा देतात, कार्ड घेऊन घरी येतात आणि देवाच्या फोटोमागे ठेवून देतात. ते तिथेच राहतं.

मला ह्या कार्डाचा राग नाही. राग आहे तो कार्ड म्हणजेच आरोग्यसेवा असं जे भासवलं जातंय त्याचा.

आधी योजना काय आहे ते बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. २००८ साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं कवच. मग महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी योजना, जुलै २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत. ठाणे जिल्ह्याचा नंबर पुढच्या वर्षी लागला. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला दीड लाख. २०१७ मध्ये तिचं नाव झालं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. दरम्यान २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत सुरू झाली, पाच लाखांची, आणि एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र राबवायला लागले. २०२३ च्या निर्णयाने राज्याचंही कवच पाच लाख झालं आणि रेशनकार्डाचा रंग कुठलाही असो, सगळ्या कुटुंबांना लागू झालं. अंमलबजावणी जुलै २०२४ पासून. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड.

कागदावर बघितलं तर फारच छान. आणि खरंच सांगतो, बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, केमो असल्या गोष्टींसाठी ह्या योजनांनी लोकांचे जीव आणि घरं दोन्ही वाचवलीयत. ते नाकारणारा माणूस एकतर आंधळा किंवा पक्षाचा कार्यकर्ता.

पण आता नियम वाचा. आयुष्मानमध्ये अ‍ॅडमिट होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस, एवढ्यापुरत्याच तपासण्या आणि औषधं. ओपीडी नाही. म्हणजे दवाखान्यात कॉटवर झोपलात तर सरकार तुमच्यामागे पाच लाख घेऊन उभं. चालत गेलात, गोळ्या घेतल्यात आणि चालत घरी आलात तर सरकार तुम्हाला ओळखत नाही.

आमच्या शेजारच्या काकू ६७ च्या. काका आयुष्यभर भिवंडीत लूमवर उभे राहिले. ना प्रॉव्हिडंट फंड, ना पेन्शन. काकूंना शुगर, बीपी आणि गुडघे. महिन्याला गोळ्या आणि रक्ततपासणी मिळून दोन हजारांच्या आतबाहेर. महिनाअखेरीला काकू काय करतात? बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात. "अर्धीच घेते रे, चालतंय तेवढ्यावर." नाही चालत काकू! एक दिवस पॅरालिसिसचा झटका येईल आणि मग मात्र कार्ड चालेल. दोन हजार वाचवायला काकूंचा अर्धा देह गेल्यावर लाखभराचं पॅकेज मंजूर. ह्याला विमा म्हणायचं की चेष्टा?

कोणी म्हणेल, सरकारी दवाखाने आहेत की. आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयही आहे. पण गुडघे धरून रिक्षा बदलत जायचं, अर्धा दिवस रांगेत काढायचा, हे दर महिन्याला म्हातारीने करायचं? सोबत जाणाऱ्या मुलाचा गोडाऊनमधला खाडा धरला तर मोफत गोळी मेडिकलवाल्यापेक्षा महाग पडते.

आता थोडं धंद्याचं बोलतो. अमेरिकन विम्याच्या क्लेम्सचं सॉफ्टवेअर हे माझं पोटापाण्याचं काम. तिकडे ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड, दोन्ही १९६५ च्या कायद्याने आलेल्या. त्या व्यवस्थेत घाण कमी नाही, रोज बघतो. पण मेडिकेअरमध्ये हॉस्पिटलच्या भागाबरोबर डॉक्टरच्या फीचा भाग पहिल्यापासून होता. दुकानातून घ्यायच्या गोळ्यांचा भाग यायला मात्र २००६ उजाडलं. श्रीमंत अमेरिकेला गोळ्यांची गोष्ट कळायला चाळीस वर्षं लागली. आपणही तेवढीच घ्यायची का?

आणि सरकार यश कशात मोजतं? किती कोटी कार्डं काढली. आमच्या धंद्यात ह्याला रजिस्टर्ड युजर म्हणतात आणि त्यावर कोणी पार्टी देत नाही. २०२३ च्या कॅगच्या अहवालात निघालं की साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेत. नंबर कुठला, तर दहा वेळा नऊ! सरकारचं उत्तर: ओळख मोबाईलवरून पटवतच नाहीत. अरे मग ज्याचा फोनच खरा नाही त्याला कळवणार कसं, की बाबा तुझ्या नावावर क्लेम पडलाय? कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असलं व्हॅलिडेशन केलं असतं तर सरांनी परत पाठवलं असतं.

"पैसे कुठून आणायचे?" हा नेहमीचा प्रश्न. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ ला सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली, औषधं एकगठ्ठा स्वस्तात विकत घेऊन. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली. ह्या जेनेरिक गोळ्या आहेत, सोन्याच्या नाहीत. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ६४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, २०२१-२२ मध्ये ते ३९ टक्क्यांवर आलं. सुधारणा आहेच. पण उरलेले ३९ टक्के कोणाच्या खिशातून जातात ते मेडिकलच्या काउंटरवर दहा मिनिटं उभं राहून बघा.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच.

एक, साठीपुढच्यांना बीपी, शुगर, दम्याची औषधं योजनेतच द्या. आशाताईंमार्फत घरपोच देता आली तर उत्तम. आणि साठच, सत्तर नव्हे. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिक साठीला होतो, मग वय वंदना सत्तरीला का?

दोन, योजनेतल्या रुग्णालयाने "बेड नाही" म्हटलं तर ते लेखी, तारीख-वेळ टाकून द्यावं लागेल असा नियम करा. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही, म्हणून तो इतका सोपा आहे.

तीन, शिबिराच्या फ्लेक्सवर काय मिळतं ह्याबरोबर काय मिळत नाही तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. जागा कमी पडली तर दोन चेहरे कमी करा.

पुढच्या वेळी शिबिरवाले दारात आले की कार्ड जरूर काढा, घरच्या म्हाताऱ्यांचंही काढा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शोधा. अडलात तर १४५५५ ला फोन लावा. आणि कार्ड हातात देणाऱ्याला एवढंच विचारा, "साहेब, ह्याच्यावर बीपीची गोळी मिळते का?"

उत्तर त्यालाही माहीत असतं. पण प्रश्न शंभर जणांनी विचारला तर वरपर्यंत जातो.