राजदंड आणि राष्ट्रध्वज

तामिळनाडूतील कुंभकोणमजवळच्या तिरुवावडुदुरै मठाने १४ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंना त्यांच्या निवासस्थानी एक राजदंड भेट दिला. हाच ‘सेंगोल’ २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनात लोकसभाध्यक्षांच्या आसनाजवळ बसविण्यात आला. सत्तांतराची खूण म्हणून तो नेहरूंच्या हाती देण्यात आला, असे सरकारने सांगितले. मात्र त्याला समकालीन कागदपत्रांचा ठोस आधार दाखविता आलेला नाही.

सत्तांतराची खरी खूण वेगळी आहे. २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी मांडलेला राष्ट्रध्वजाचा ठराव संविधान सभेने उभे राहून संमत केला. केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांना जातीय अर्थ नाही, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. याच्या पूर्वीचा तिरंगा हाती धरून तिरुप्पूरच्या कुमारनने जानेवारी १९३२ मध्ये पोलिसांच्या लाठ्यांखाली प्राण दिले. हा ध्वज कोणा मठाने बहाल केलेला नाही. तो जनतेने कमावला आहे.

चोळ राजांच्या न्यायाचे प्रतीक म्हणून सेंगोलचा गौरव झाला. परंतु त्याच कावेरीच्या खोऱ्यात सरंजामी सत्तेचा न्याय कसा होता, हे शेतमजूर जाणतात. कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीवाढीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीतील ४४ माणसे जमीनदारांच्या टोळीने जिवंत जाळली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

राजदंडाची जागा संग्रहालयात आहे. प्रजासत्ताकाच्या संसदेत मान जनतेच्या ठरावाचाच असला पाहिजे.